गिरसप्पा : पाणी, मिरी आणि चौमुख बसदी

जोगचा धबधबा पाहून आलो असे कोणालाही सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘पाणी होते का?’ काशीहून परतलेल्या माणसाला गंगेत पाणी होते का, असे कोणी विचारीत नाही. जोगच्या बाबतीत मात्र हा प्रश्न रास्त आहे. या धबधब्याला पाणी केव्हा आणि किती मिळावे, हे गेल्या साठ वर्षांत केवळ पावसाच्या हाती राहिलेले नाही. आयुष्यभर जमा-नावे पाहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला तर तो धबधबा पाहताना त्याचे खातेच आधी डोळ्यांपुढे आले.

आमच्या पिढीतील वाचकांना ‘जोग’पेक्षा ‘गिरसप्पा’ हे नाव अधिक परिचयाचे असेल. शाळेच्या भूगोलात ‘गिरसप्पाचा धबधबा’ असाच पाठ असे. वस्तुतः गेरुसोप्पे हे गाव धबधब्यापासून बरेच खाली, घाट उतरल्यावर, शरावती नदीच्या काठी आहे. त्या गावाने धबधब्याला नाव दिले आणि स्वतः मात्र विस्मृतीत गेले. आपल्याकडून होंबुज, कारकळ, मूडबिद्री, धर्मस्थळ अशी यात्रा करणाऱ्या बस जोगला दोन तास थांबतात. पण गेरुसोप्प्यावरून त्या न थांबता निघून जातात. तिथे काय आहे, ते पुढे येईलच.

पर्युषण व दशलक्षण आटोपले, क्षमावणी झाली, आणि सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही निघालो. धबधब्याचे ऐन वैभव श्रावण-भाद्रपदात असते आणि नेमक्या त्याच काळात आपल्या घरांतून प्रवासाचा संकोच असतो. चातुर्मासात साधुसंत एका ठिकाणी स्थिर असताना आपण डोंगरदऱ्यांतून, चिखल आणि हिरवळ तुडवीत हिंडावे, हे सौ.ला कधीच पटले नाही. तेव्हा सप्टेंबरची अखेर ही तडजोड होती. हुबळीहून मेहुणे आणि त्यांचा मुलगा सोबत आले. मेहुण्यांचा व्यवसाय सुपारी आणि काळी मिरी यांचा. शिरसी-सिद्धापूरचा प्रत्येक रस्ता त्यांच्या ओळखीचा.

कोल्हापूरहून बेळगाव, हुबळी, शिरसी, सिद्धापूर असा हा साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपासचा रस्ता आहे. हुबळीपर्यंत महामार्गावर वेगळे काही घडत नाही. शिरसी जवळ येऊ लागली की मात्र मुलूखच बदलतो. काळ्या रानाची जागा तांबडी माती घेते, ज्वारी-कापूस मागे पडतो आणि दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा लागतात. प्रत्येक सुपारीच्या खोडावर मिरीचा वेल चढलेला. शिरसीच्या बाजारात मेहुण्यांनी आम्हाला अर्धा तास थांबविले व सुपारीचे चाली, राशी, बेट्टे हे प्रकार हातात देऊन दाखविले. मिरीची परीक्षा मला नवी होती. एका लिटरच्या मापात मिरी भरायची आणि तिचे वजन करायचे. साडेपाचशे ग्रॅम भरली तर दाणा जड, माल उत्तम. ‘दाजी, तुमच्या बँकेत कर्जदाराची पत पाहायला चाळीस कागद लागत होते, आम्हाला एक माप पुरते,’ असे मेहुणे म्हणाले. मी त्यावर काही बोललो नाही. एका मापात ज्यांची पत ठरली, अशी काही खाती मला आठवत होती.

जोगला पोहोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि समोर काहीही नव्हते. दरी पांढऱ्या धुक्याने काठोकाठ भरलेली आणि तिच्या आतून केवळ आवाज येत होता. कठड्याशी उभी असलेली दोनशे-तीनशे माणसे त्या पांढऱ्या पडद्याकडे मुकाट्याने पाहत होती. पंधरा-वीस मिनिटांनी वारा फिरला, धुके वर सरकले, आणि पलीकडचा कडा डावीकडून उजवीकडे उलगडत गेला. सौ.ने नकळत हात जोडले. प्रथम राजा, मग रोअरर, मग रॉकेट, आणि शेवटी राणी, असे चार प्रवाह. राजा एका अखंड स्तंभासारखा सरळ खाली येतो. रोअरर उसळत, गर्जत वाकडा धावतो आणि अर्ध्या वाटेवर राजाला जाऊन मिळतो. रॉकेट नावाप्रमाणे तुकड्यातुकड्यांनी बाणासारखा सुटतो. राणी मात्र खडकावरून फेसाची चादर पसरीत शांतपणे उतरते. दोन नावे देशी आणि दोन विलायती. साहेबांच्या काळातली ही वाटणी अजून तशीच चालू आहे.

धबधब्याची उंची २५३ मीटर, म्हणजे सुमारे ८३० फूट. नायगारा साधारण ५१ मीटरांचा आहे. जोग त्याच्या पाचपट उंच आहे, परंतु नायगाऱ्याची रुंदी आणि बारमाही पाणी जोगपाशी नाही. ‘भारतातील सर्वांत उंच धबधबा’ अशी जोगची जाहिरात स्थानिक मंडळी अजून करतात, ती मात्र बरोबर नाही. मेघालयातील नोहकालिकाई ३४० मीटरांचा आहे, आणि याच शिवमोग्गा जिल्ह्यात वाराही नदीवरचा कुंचिकल ४५५ मीटरांचा. कुंचिकलचे पाणीही वीजप्रकल्पाने वळविल्यामुळे तो बहुतेक काळ कोरडा असतो. जोगला पहिल्या क्रमांकाची गरज आहे असे मला वाटले नाही.

मुख्य दर्शनस्थळ शिवमोग्गा जिल्ह्याच्या बाजूला, म्हणजे जुन्या म्हैसूर संस्थानाच्या बाजूला आहे. नदीच्या पलीकडे उत्तर कन्नड जिल्हा. इंग्रजांच्या अमदानीत १८६२ पासून हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो मुंबई राज्यातच राहिला. त्यामुळे पलीकडच्या काठावरील डाकबंगल्याला आजही ‘बॉम्बे बंगला’ म्हणतात, आणि अलीकडच्याला ‘म्हैसूर बंगला’. मधून नदी आणि सरहद्द वाहत होती. आमच्या वडिलांच्या पिढीने हा धबधबा ‘आपल्या’ इलाख्याच्या भूगोलात वाचला, तो यामुळे. सीताकट्टे पुलावरून पलीकडे गेले की बॉम्बे बंगल्याच्या बाजूने धबधबा वरून दिसतो. समोरून पाहताना जो राजा धीरगंभीर वाटतो, तो इथे काठावरून एकदम नाहीसा होतो; पाणी येते आणि संपते, खालचा आवाज तेवढा मागाहून वर येतो. कड्याजवळ नदीपात्रात उतरण्यास सक्त मनाई आहे. ती मोडून छायाचित्रे काढणारी तरुण मुले आम्ही पाहिली आणि त्यांच्या आईवडिलांची काळजी वाटली.

आता खात्याकडे वळतो. शरावती तीर्थहळ्ळी तालुक्यातील अंबुतीर्थ येथे उगम पावते. रामाने शर मारून सीतेसाठी पाणी काढले, म्हणून शरावती, अशी कथा सांगतात. उगमापासून होन्नावरच्या समुद्रापर्यंत तिचे आयुष्य सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरांचे, म्हणजे नद्यांच्या मानाने अगदी लहान. पण पश्चिम घाटातील प्रचंड पाऊस आणि एका उडीत उतरणारी उंची, या दोन गोष्टींमुळे अभियंत्यांची दृष्टी तिच्यावर पडली. सर विश्वेश्वरय्यांनी धबधबा पाहिला तेव्हा सौंदर्याऐवजी वाया जाणारी शक्तीच त्यांना दिसली, ही गोष्ट तिथे प्रत्येक वाटाड्या सांगतो. १९४८ मध्ये येथे वीजकेंद्र सुरू झाले. महात्मा गांधींच्या नावाने ओळखले जाणारे ते केंद्र पुढे १२० मेगावॉटचे झाले. त्याच्यासाठी वरच्या बाजूला हिरेभास्कर धरण बांधले होते. मग १९६४ मध्ये धबधब्याच्या वर सुमारे सहा किलोमीटरांवर लिंगनमक्की धरण उभे राहिले आणि हिरेभास्कर धरण त्याच्या पाण्यात बुडाले. एका धरणाने दुसरे धरण गिळले. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की जुने धरण पुन्हा डोके वर काढते.

लिंगनमक्कीचे पाणी कालव्याने तळकळले येथील जलाशयात जाते, तिथून मोठ्या नळांतून डोंगर उतरून शरावती वीजकेंद्रात, आणि यंत्रे फिरवून झाल्यावर धबधब्याच्या खालच्या अंगाला नदीला परत मिळते. म्हणजे ज्या उताराने धबधबा होत होता, तोच उतार आता बंद नळांतून उतरला जातो. मध्यला कडा टाळून पाणी खाली पोहोचते. त्या केंद्राची क्षमता १०३५ मेगावॉट आहे. पूर्ण क्षमतेने एक तास चालले तर दहा लाख पस्तीस हजार युनिट वीज निघते. कर्नाटकातील गिरण्या, कारखाने, बंगळूरचे दिवे यांना दीर्घकाळ या पाण्याने जगविले आणि ही वीज स्वस्तही पडते. धबधब्याच्या नावे उरते ते धरण आणि कडा यांच्यामधील लहानशा टापूवर पडणाऱ्या पावसाचे पाणी, आणि धरण काठोकाठ भरल्यावर दरवाजे उघडले तर त्यातून सुटणारे. जमा जवळजवळ सगळी धरणाची. ज्या वर्षी पाऊस उत्तम, त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खरा जोग दिसतो. मार्चमध्ये गेलेल्या माणसाला काळ्या कातळावर चार पांढरे दोरे लोंबताना दिसतात आणि तो परत येऊन आपल्याला ‘पाणी होते का’ असे विचारतो.

याबद्दल हळहळणाऱ्यांत मी पूर्णपणे सामील होऊ शकत नाही. माझे आयुष्य विजेच्या दिव्याखाली खतावण्या तपासण्यात गेले. पण याच मुलखात शिरसी-सिद्धापूरमधून अघनाशिनी नावाची नदी वाहते; तिच्यावर एकही मोठे धरण नाही. तिचा उंचळ्ळी धबधबा ११६ मीटरांचा, जोगच्या निम्म्याहून कमी. जंगलातील पायवाटेने तिथे आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. गर्दी नाही, चहाची दुकाने नाहीत, आणि पाणी निसर्गाने दिले तेवढे, दिले तेव्हा. एका मुलखात दोन नद्यांचे दोन हिशेब जवळजवळ पाहायला मिळतात, ते पाहावेत.

जोगच्या तळाशी जाण्यासाठी सुमारे १४०० पायऱ्या आहेत. भर पावसात त्या निसरड्या होतात म्हणून फाटक बंद ठेवतात. आधीचे दोन दिवस उघडीप असल्याने ते उघडे होते. वय वर्षे सहासष्ट आणि एका गुडघ्याचा पूर्वेतिहास लक्षात घेऊन मी मोजून चारशे पायऱ्या उतरलो आणि एका वळणावरच्या कठड्यावर बसलो. तिथे तुषारांचा ओलावा सतत अंगावर येतो आणि बोलायचे तर ओरडून बोलावे लागते. भाचा तळापर्यंत गेला आणि दीड तासाने भिजून परतला. वर येताना मी सहा वेळा थांबलो. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या एक कानडी आजी अनवाणी, न थांबता वर गेल्या. त्यांनी जाताना माझ्याकडे पाहून जी मान हलविली, तिचा अर्थ मी लावला नाही. सौ. वर बागेत बसून होती. घरात आजही पाणी गाळल्याशिवाय न वापरणाऱ्या तिला मी विचारले की एवढे पाणी पाहून काय वाटले. ‘अप्काय जीव किती असतील, याचाच विचार मनात आला,’ ती म्हणाली, आणि पुन्हा तिकडे पाहत राहिली.

हुबळीच्या शाखेत असताना माझ्यासमोर एकदा शिवमोग्ग्याकडील एका शेतकऱ्याच्या मुलाचा अर्ज आला होता. जमीन होती, सुपारीची बाग होती, घर होते. पण जमिनीचा उतारा त्यांच्या नावावर नव्हता. चौकशीत समजले की त्यांचे मूळ गाव लिंगनमक्कीच्या पाण्याखाली आहे. साठच्या दशकात कुटुंबाला हलविले ते वनखात्याच्या जमिनीवर, आणि ती जमीन कायद्याने कधी पूर्णपणे त्यांची झालीच नाही. हक्काचा कागद नाही म्हणजे तारण नाही, तारण नाही म्हणजे कर्ज नाही. नियमाप्रमाणे अर्ज परत गेला. त्या नियमाला दुसरी वाट नव्हती. शरावतीच्या विस्थापितांचा हा प्रश्न न्यायालये, सरकारे आणि आंदोलने यांच्यामधून आजवर फिरतो आहे. जोगच्या कठड्याशी उभे असताना मला तो मुलगा आठवला. त्याच्या आजोबांच्या शेतावरून आलेले पाणी त्या क्षणी बंगळुरात कोणाचा तरी पंखा फिरवीत असेल. ज्यांनी घर सोडले नाही, त्यांचीही कथा वेगळी नाही. जलाशयाने वेढलेल्या तुमरी भागातील लोक आणि सिगंदूरच्या चौडेश्वरीचे भाविक साठ वर्षे लाँचने पाणी ओलांडीत होते. तिथे पूल झाला तो २०२५ साली.

हिशेब अजून मिटलेला नाही. तळकळले आणि गेरुसोप्पे या दोन जलाशयांच्या दरम्यान २००० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प योजलेला आहे. विजेची मागणी कमी असताना खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडायचे. त्याची वाट ज्या अभयारण्याखालून जाते, ते सिंहपुच्छ वानरांसाठी राखलेले आहे. काळा देह आणि तोंडाभोवती करड्या केसांची झालर असलेला हा वानर जगात केवळ पश्चिम घाटातच आढळतो आणि झाडावरून सहसा खाली उतरत नाही. झाडांच्या शेंड्यांची साखळी तुटली की त्याचा रस्ताच तुटतो. त्यामुळे या प्रकल्पाला मोठा विरोध आहे. सौरऊर्जेच्या काळात वीज साठविण्याची गरज खरी आहे, हेही नाकारता येणार नाही. माझे मत विचाराल तर ज्या खोऱ्याकडून एकदा एवढे घेतले, त्याच्याकडे पुन्हा हात पसरण्यापूर्वी आधीचे देणे फेडावे. मेहुण्यांचे मत याच्या उलट आहे आणि सिद्धापूर येईपर्यंत आमचा त्यावर वाद चालला.

जोगहून होन्नावरकडे उतरणारा घाट हा या प्रवासाचा सर्वांत रमणीय भाग आहे. वाहन हळू चालवावे. वाटेत कत्तलेकान नावाचे रान लागते. कानडीत त्याचा अर्थ ‘काळोखाचे रान’. भर दुपारी आत संध्याकाळ असते. तिथे दलदलीत उभ्या असलेल्या प्राचीन जातीच्या झाडांची मुळे चिखलातून गुडघ्यांसारखी वर आलेली दिसतात. ही जायफळाच्या कुळातील झाडे आहेत. आपल्या किराणा दुकानांत मसाल्यासाठी जी रामपत्री विकली जाते, ती याच कुळातील झाडाची. आयुष्यभर रामपत्रीचे भाव सांगणाऱ्या मेहुण्यांनी तिच्या भावंडांना उभे असलेले प्रथमच पाहिले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि हे त्यांच्या बाबतीत क्वचितच घडते.

घाट उतरल्यावर गेरुसोप्पे. पूर्वी याला नगिरे व क्षेमपुर अशीही नावे होती. येथील साळुव घराणे जैन होते, आणि त्या घराण्यातील राणी चेन्नभैरादेवी हिने १५५२ ते १६०६ अशी चौपन्न वर्षे राज्य केले. भटकळ आणि होन्नावर ही बंदरे तिच्या व्यापाराची दारे होती. घाटावरची मिरी बैलांच्या तांड्यांनी उतरून शरावतीच्या काठी यायची आणि नावांतून समुद्राला जायची. पोर्तुगीज तिला ‘मिरीची राणी’ म्हणत. त्यांना ही मिरी आपल्या अटींवर हवी होती. १५५९ मध्ये आणि पुन्हा १५७० च्या सुमारास तिचे त्यांच्याशी युद्ध झाले. ज्यांच्यापुढे मोठमोठे दर्यावर्दी राजे नमले, त्यांच्याशी या लहानशा राज्याच्या राणीने अर्धशतक व्यवहारही केला आणि झुंजही दिली. गोव्यातून परागंदा झालेल्या सारस्वतांना तिने आश्रय दिला असे सांगतात. शेवटी तिचा पाडाव परकीयांनी केला नाही. तो केळदीच्या नायकांनी केला, आणि कैदेतच तिचा अंत झाला. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले १६२३ मध्ये नदीमार्गाने इथे आला तेव्हा, म्हणजे तिच्यानंतर वीस वर्षेही झाली नव्हती, शहर आणि राजवाडा झाडाझुडपांनी वेढलेले त्याला दिसले. या नगरात एक लाख घरे आणि चौऱ्याऐंशी मंदिरे होती अशी स्थानिक समजूत गॅझेटियरने नोंदविली आहे. एक लाखाचा आकडा मी मान्य करणार नाही. मंदिरे मात्र पुष्कळ असावीत, कारण जंगलात त्यांचे अवशेष जागोजाग आहेत.

मुख्य रस्ता सोडून, नदीच्या पलीकडे, रानातून आत गेल्यावर चतुर्मुख बसदी येते. पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली ही वास्तू राखाडी दगडाची, अधिक चिन्हाच्या आकाराची आणि चारही दिशांना दारे असलेली आहे. मध्यभागी चार तीर्थंकर एकमेकांकडे पाठ करून चार दिशांना मुख केलेले. समवसरणात भगवंतांचे मुख चारही बाजूंच्या श्रोत्यांना सारखेच दिसते, ही जी कल्पना आपण लहानपणापासून ऐकतो, ती इथे दगडात उभी आहे. चौमुख म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राणकपूर येते : संगमरवर, १४४४ स्तंभ, आणि यात्रेकरूंची रांग. कारकळची १५८६ ची चतुर्मुख बसदीही अनेकांनी पाहिलेली असते. गेरुसोप्प्याची बसदी आकाराने राणकपूरच्या पासंगालाही पुरणार नाही. पण राणकपूर गर्दीत पाहावे लागते, आणि इथे आम्ही चौघेच होतो. दगडांवर शेवाळ होते, छताच्या सांध्यांतून पाणी ठिबकत होते आणि पलीकडे रानात कुठेतरी धनेश पक्ष्याचा आवाज येत होता. सौ.ने चारही दारांशी बसून चार वेळा णमोकार म्हटला. मी आणि मेहुणे पायरीवर बसलो होतो.

आसपास पार्श्वनाथ, नेमिनाथ, वर्धमान यांची मंदिरे आहेत, काही पडझड झालेली. ज्वालामालिनी देवीची पूजा चालू असते. ज्या व्यापाऱ्यांनी हे उभारले, त्यांचे वंशज कुठे गेले याचा मी विचार करीत होतो. मिरीच्या पैशातून हे दगड आले होते. त्यांच्याही खतावण्या असतील, उधाऱ्या असतील, भटकळला गलबत वेळेवर न पोहोचल्याची चिंता असेल. त्यातले काहीही उरले नाही. दानाच्या नोंदी मात्र शिलालेखांत उरल्या आहेत.

‘अक्का, आपली यात्रेची बस दरवर्षी या फाट्यावरून जाते,’ मेहुणे सौ.ला म्हणाले. ते हुबळीच्या यात्रा समितीवर आहेत. ‘आणि आत कोणी वळत नाही.’

गाडीत बसल्याबरोबर त्यांनी खिशातील डायरी काढली. आतल्या अरुंद रस्त्यावर मोठी बस नेण्यापेक्षा ती मुख्य रस्त्यावर ठेवावी. पन्नास यात्रेकरूंसाठी होन्नावरहून सात-आठ लहान गाड्या कराव्यात. वृद्धांना पहिल्या फेरीत न्यावे. जोगचा मुक्काम एक तासाने कमी करावा. गाळलेले पाणी आणि दुपारची शिदोरी बरोबर असावी, कारण आत काही मिळत नाही. माणशी खर्च किती वाढेल ते त्यांनी मला विचारले. मी तो काढून दिला. मग ड्रायव्हरला त्यांनी घाई करायला सांगितले. सूर्यास्ताला दीड तास उरला होता आणि होन्नावरला जेवण सांगून ठेवले होते.